यंत्र म्हणतं, दुकान कायमचं बंद

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमचं दुकान कायमचं बंद झालंय हे मला आज कळलं. दुकानात बसल्या बसल्याच कळलं.

समोरचे चष्मेवाले आले, पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारू का, रागावू नका." मी म्हटलं, रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवू. झालं असं, की त्यांच्या एका गिऱ्हाइकाला कपाटाची किल्ली करून हवी होती. चष्मेवाल्यांनी आमच्या दुकानाकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकाने खात्री करावी म्हणून फोनमधल्या त्या एआयला विचारलं. एआय म्हणालं, मालकांचं निधन झालं आहे आणि दुकान कायमचं बंद आहे. वर एका चोवीस तास येणाऱ्या कंपनीचा नंबरही दिला.

"अहो, पण समोर उघडं दिसतंय ना?" मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं. तो म्हणाला, पाटी काढायची राहिली असेल."

घ्या! मी पाटीखाली बसलेली, हातात कानस, आणि मी राहून गेलेली पाटी. चष्मेवाल्यांनी फोन पुढे धरून मला ते वाचायला लावलं. सगळं अगदी आदराने लिहिलं होतं. आमच्या यांच्या नावाआधी 'कै.' सुद्धा होतं. हे जाऊन आज चार महिने आणि तीन दिवस झाले, पण हे एक अक्षर मी अजून कुठे लिहिलेलं नाही.

चष्मेवाले भला माणूस. बोलतात मात्र मोठ्याने, कान जरा कमी असावेत. हे असताना दुकानात आले की कुलूप यांच्या हातात देणार आणि आतल्या खोलीच्या पडद्याकडे तोंड करून ओरडणार, "घाई नाही हं, सावकाश होऊ दे!" आजही जाताना सवयीने पडद्याकडेच ओरडले. आत कुणी नव्हतं, मी तर पुढे बसले होते.

गेल्या पाच आठवड्यांत नवीन गिऱ्हाईक एक नाही, त्याचं कारण हे तर. मला वाटलं होतं, थंडी आहे.

घरी आले. दाराची किल्ली पुन्हा बोटाला टोचली. डोक्याखाली कुठेतरी खरखरीत राहिलंय. थोडी वर उचलून फिरवली तरच लागते. चाळीस पिढ्यांचं वैर असल्यासारखं ते कुलूप वागतं माझ्याशी, आणि मी कुलूपवाली! गेल्या मे महिन्यात यांनी हट्टाने स्वतः केलेली आहे, म्हणून तशीच ठेवलीय. पूर्वी दार उघडलं की "आले हो" म्हणायचे. आता नाही म्हणत. म्हणायचं कुणाला?

५ फेब्रुवारी, गुरुवार

भाचीला फोन केला. धाकट्या बहिणीची मुलगी, दूर असते, लोकांच्या दुकानांची इंटरनेटवरची पानं करणं हाच तिचा धंदा. मी म्हटलं, त्या यंत्राचा नंबर दे, त्याला चार शब्द सुनावते. ती हसत सुटली.

"मावशी, ते कुणाचं ऐकत नाही. ते चौकशी करतं. लग्नाच्या वेळी लोक मुलाची करतात ना, तशी. चार ठिकाणी विचारतं आणि चारही जणांनी एकच सांगितलं तर विश्वास ठेवतं."

मग आम्ही चार ठिकाणं पाहिली. एका यादीत दुकानाचं नाव अर्धं, दुसरीत पत्ता जुन्या गल्लीचा, तिसरीत बारा वर्षांपूर्वी मेलेला फोन. आणि चौथं ठिकाण म्हणजे आमच्याच संघटनेचं पत्रक. त्यात यांचा फोटो, दोन परिच्छेद कौतुक, आणि शेवटी: 'त्यांच्या पश्चात दुकानही बंद झाले आहे.'

संघटनेच्या चिटणीसांना फोन लावला. त्यांनी आधी माझी विचारपूस केली, मग म्हणाले, "माफ करा वहिनी, मला वाटलं, आता चालवणार कोण?"

मी त्यांच्या घरी बावीस वर्षांत किमान तीस वेळा चहा घेतलाय. चहा घेणारी बाई त्यांना आठवते.

भाची म्हणाली की भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना यंत्राला दिसत नाही. अक्षरांत लिहायचा, नंबरासकट, आणि परवाना कचेरीच्या यादीत जसा आहे तसाच्या तसा. मी स्टुलावर चढून चौकट उतरवली. मागे भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन निघाला, बाकी भिंत काजळलेली. आपण इतकी वर्षं काळ्या भिंतीत बसतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

भाचीने पान केलं. फोटोंवरून भांडण झालं. ती म्हणाली, केलेल्या किल्ल्यांचे छान फोटो पाठव. मी म्हटलं, वेडी का खुळी तू? किल्लीचे दात दाखवणं म्हणजे किल्ली देणं. फोटोवरून मी स्वतः तासाभरात तशीच दुसरी पाडून देईन, मग चोर का देणार नाही? मग ठरलं, हातांचा फोटो. फोन तेलाच्या डब्याला टेकवला आणि किल्ली आवळायच्या वाइससमोर हात धरून बसले. अकरा फोटोंत डबा, दोनांत माझं नाक. शेवटी एक बरा निघाला. नखं काळी आहेत, पण असू देत.

मग आलं 'आमच्याविषयी'. मी बत्तीस वर्षांचा यांचा इतिहास सांगितला, तिने लिहून घेतला. मग हळूच म्हणाली, "मावशी, काका नाहीत आता. लोकांना हे हवंय, की आज दारात येणारं कोण आहे. काम तू करतेस ना? कधीपासून?"

मी म्हटलं, "चार महिने."

खोटं बोलले. इथे खरं लिहिते, ही वही कुणी उघडणार नाही.

नऊ वर्षं. यांचा उजवा हात थरथरायला लागला त्याला नऊ वर्षं झाली. आधी फक्त बारीक कामं माझ्याकडे आली, मग तिजोऱ्या, मग सगळंच. हे पुढे बसायचे, कुलूप हातात घ्यायचे, दोन प्रश्न विचारायचे, "आत नेऊन बघतो" म्हणायचे आणि पडद्याआड माझ्या हातात द्यायचे. परत पुढे जाऊन गप्पा. मी आत करायचे, हे बाहेर नेऊन द्यायचे. कामाच्या वहीत यांची सही, तीही शेवटी शेवटी मीच करायचे. कागदावर मी 'मदतनीस'. यांचं एकच म्हणणं होतं, "कुलूपवाल्याचा हात गेला की अब्रू गेली." मी कधी कुणाला अवाक्षर बोलले नाही. आईला नाही, बहिणीला नाही. कुणालाही संशय आला नाही, एवढं मात्र आम्ही पक्कं सांभाळलं.

म्हणून चार महिने.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दुकान उघडलं की आधी यंत्राला विचारते. दिवसातलं माझं पहिलं बोलणं त्याच्याशी होतं, कधी कधी दुपारपर्यंत शेवटचंही तेच. आज ते म्हणालं: 'दुकान सुरू असल्याचे दिसते. मात्र परवानाधारक हयात नाहीत. काम देण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.'

मेल्या! म्हटलं मी, मोठ्याने. रस्त्यावरची एक बाई दचकून बघायला लागली.

पण चूक काय आहे त्यात? सगळं खरं. म्हणून तर लागलं.

दुपारी परवाना कचेरीत गेले. तिथे एक किडकिडीत साहेब आहेत, खिडकीशी बसतात, पंख्याखाली स्वेटर घालून. कागद बघून म्हणाले, परवानाधारक गेल्यावर घरच्यांना सहा महिने मुभा असते. म्हणजे एकतीस मार्च. त्याआधी माझ्या नावाने परवाना झाला नाही तर शटर खाली.

"अनुभव किती?"

"चार महिने."

"पाच वर्षं लागतात, बाई. नाहीतर एक वर्षाचा वर्ग करावा लागेल." मग चष्मा वर करून म्हणाले, "बघा, परवानाधारक शेजारी बसलेला असताना केलेलं कामही अनुभवात धरतात. त्यात बेकायदा काही नाही. फक्त लिहून द्यायचं, कधीपासून काम प्रत्यक्ष कोण करत होतं. दोन साक्षीदार आणायचे. ते मग आमच्या यादीत येतं, सगळ्यांना दिसतं."

फॉर्म पर्समध्ये घालून परत आले. एवढीशी ओळ आहे. 'काम प्रत्यक्ष कोण करत होते.' ती भरली की दुकान राहतं. ती भरली की यांची शेवटची नऊ वर्षं मी यांच्याकडून काढून घेते, आणि तीही यादीत लावून. जगात कुणीही फोनला विचारावं आणि त्याने आदराने सांगावं, की कै. अमुक नऊ वर्षं नुसते पुढे बसत होते.

भाचीला काही सांगितलं नाही. ती मात्र फोनवर आनंदात होती. म्हणाली, कचेरीच्या यादीवर यंत्र सगळ्यात जास्त विश्वास ठेवतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पाठीमागच्या इमारतीतल्या निवृत्त नर्सबाई आल्या. पिशवीत कुलूप, मधोमध ड्रिल मारून चाळण केलेलं. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली. यंत्राने सांगितलेल्या कंपनीला बोलावलं. दोन माणसं आली, वाकून पाहिलंसुद्धा नाही, सरळ ड्रिल लावलं. ते कुलूप मीच बसवलेलं होतं. पातळ पट्टी घालून मी ते चहा उकळायच्या आत उघडलं असतं.

मी चिडले. "पन्नास पावलांवर मी असताना?"

"फोन म्हणाला बंद आहे," त्या म्हणाल्या. मग थांबून, "आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही दुःखात आहात, आपण कशाला त्रास द्यायचा. म्हणून मी महिनाभर इकडून जातही नव्हते. पलीकडच्या फुटपाथने जायचे."

तिथे मला रडू आलं. यंत्र एक परकं, त्याचं सोडा. पण माणसंही माझ्यावरच्या दयेपोटी पलीकडच्या फुटपाथने जातात आणि मी इकडे समजते की थंडी आहे.

नवीन कुलूप बसवून दिलं. किल्ल्या केल्या, खूण घातली.

खुणेचं लिहायचं राहिलं. आमच्या दुकानाच्या प्रत्येक किल्लीला डोक्याखाली कानशीची एक बारीक खाच असते. यांची खूण, पहिल्या दिवसापासूनची. मी आत काम करायला लागले तेव्हा यांची खाच मीच घालायचे. आणि मग वर्षभराने काय डोक्यात आलं कोण जाणे, त्या खाचेखाली मी दुसरी घालायला लागले. केसाएवढी. बघायला भिंग लागेल. कुणासाठी? कुणासाठीच नाही. यांना कधी बोलले नाही, यांची नजरही तेव्हा अधू झालेली. चोरी म्हणायची तर तेवढी एक चोरी केलीय मी यांची. अख्ख्या वस्तीच्या खिशांत फिरतेय ती.

नर्सबाई जाताना म्हणाल्या, "दोघांनाही थँक्यू." पूर्वीही यांना असंच म्हणायच्या. मग जीभ चावली बिचारीने.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भाची म्हणते, लोकांकडून दोन ओळी लिहून घे. यंत्र तेही वाचतं. पण कुणी काय काम केलं ते नेमकं लिहिलेलं हवं, 'छान', 'उत्तम' असलं नको. लोकांना गाठून 'माझं कौतुक करा हो' म्हणायचं म्हणजे स्वतःची टिमकी स्वतःच वाजवणं. तरी सहा जणांना सांगितलं. सांगताना कान गरम झाले.

६ मार्च, शुक्रवार

आज लोकांनी लिहिलेलं वाचलं. पहिलंच चष्मेवाल्यांचं. तसंच्या तसं उतरवून ठेवते:

'या दुकानात मी वीस वर्षं जातो. पहिली वर्षं काम साहेब करायचे. नंतरची आठ-नऊ वर्षं पडद्यामागे वहिनी करायच्या आणि साहेब पुढे आम्हाला गोष्टी सांगायचे. दोघांच्याही कामात कधी खोट निघाली नाही.'

नर्सबाईंनी लिहिलंय, 'माझ्या औषधांच्या कपाटाचं कुलूप सात वर्षांपूर्वी बाईंनीच दुरुस्त केलं. मला ठाऊक आहे, कारण साहेबांचा हात कसा आहे हे मी नर्स म्हणून पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.'

भाचीला फोन करून ओरडले, काढून टाक सगळं. ती म्हणाली, लोकांनी लिहिलेलं आपल्याला काढता येत नाही, मावशी. आणि मग अगदी लहान आवाजात, "खरं आहे का गं हे?" मी फोन ठेवला.

तशीच समोर गेले. चष्मेवाले कुणाचे तरी डोळे तपासत होते, त्या माणसाला तसंच 'वरची ओळ वाचा' म्हणून बसवून बाहेर आले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वहिनी," ते म्हणाले, "साहेब माझ्याशी बोलत बसलेले असायचे आणि आतून कानशीचा आवाज यायचा. तो पडदा होता हो, भिंत नव्हती."

"मग नऊ वर्षांत बोलला का नाहीत?"

"साहेबांना आवडलं नसतं. तुम्हालाही नसतं आवडलं." मग म्हणाले, "मी आपला ओरडून सांगायचो, घाई नाही म्हणून. तुम्हाला ऐकू जावं."

कान चांगले आहेत त्यांचे. कमी माझेच होते.

सगळ्यांना माहीत. सगळ्या रस्त्याला. आम्ही दोघं दार लावून बसलो होतो आणि खिडकी सताड उघडी. यांना कळलं असतं तर जागच्या जागी मेले असते. दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं.

१३ मार्च, शुक्रवार

आठवडाभर उघडलं नाही. यंत्राला मात्र रोज विचारते, सवय झालीय. ते म्हणतं, सुरू आहे. मी घरी अंथरुणात, आणि ते म्हणतं सुरू आहे. आधी उघडं असताना बंद म्हणायचं, आता बंद असताना उघडं म्हणतं. म्हटलं तर माझ्यापेक्षा त्यालाच दुकानाची जास्त आशा.

काल त्याला विचारून पाहिलं, की मेलेल्या माणसाची अब्रू मोठी की जिवंत माणसाचं पोट. त्याने दोन्ही बाजू नीट मांडल्या आणि शेवटी जवळच्या व्यक्तीशी बोलावं असा सल्ला दिला. जवळची व्यक्ती! तीच तर अडचण आहे, बाबा.

फॉर्म टेबलावर आहे. यांनी एकदा तरी म्हणायला हवं होतं. 'काम चांगलं करतेस' एवढं नाही, निदान 'काम करतेस' एवढं. नऊ वर्षांत एकदाही नाही. मीही विचारलं नाही. पडद्याच्या अलीकडे हे, पलीकडे मी, आणि मधून नुसती कुलपं जायची यायची. आज खूप राग आला यांचा. लिहून टाकते, म्हणजे तो इथे राहील.

२० मार्च, शुक्रवार

आज मी स्वतःच्या घराबाहेर अडकले. हसा लोकहो.

दोन पिशव्या, वर जिना, आणि किल्ली लागेना. उचलून फिरवली, खाली दाबून फिरवली, शिव्या देऊन फिरवली. शेजारच्या आजोबांनी दार किलकिलं करून विचारलं, "कुणी कुलूपवाला बोलवू का?" म्हटलं, नको, आहे एक माझ्या माहितीतली. वीस मिनिटांनी उघडलं. बोटातून रक्त आलं. मग ठरवलं, पुरे झाली ही माया. उद्यावर नको, आजच जाऊन हिला साफ करून टाकायची.

चौदा दिवसांनी दुकान उघडलं. किल्ली वाइसमध्ये धरली, दिवा ओढला, कानस हातात घेतली. टोचतं ते नेमकं कुठे हे बघावं म्हणून डोळ्याला भिंग लावलं.

डोक्याखाली राहिलेलं खरखरीत नव्हतं ते. खाच होती. वेडीवाकडी, एका बाजूने घसरलेली. आणि तिच्याखाली दुसरी.

दुसरी बारीक घालायची होती, जमलेली नाही. चार वेळा, पाच वेळा कानस फिरली असेल त्यावरून, प्रत्येक वेळी थोडी भलतीकडे. टोचत होती ती हीच.

त्या दिवशी मे महिन्यात मला मुद्दाम बाजारात पाठवलं होतं. "सावकाश ये, घाई नाही" म्हणाले होते. मी परत आले तर हे दमून भिंतीला टेकून बसलेले, शर्टावर पितळेचा कीस. मी म्हटलं, "एवढा वेळ एका किल्लीला?" असं म्हणाले होते मी. यांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "नीट बघून घे." मी दारात घालून पाहिली, म्हटलं, "अडकते थोडी." बस. तेवढंच बघितलं मी.

केसाएवढी खाच यांना आधी कुठल्यातरी किल्लीवर दिसली असणार. भिंग लावून शोधली असणार. कधी, किती वर्षांपूर्वी, देव जाणे. बोलले नाहीत. हातात राहिलं होतं तेवढं सगळं बळ घालून मला सांगितलं आणि मी म्हटलं, अडकते.

अहो, चुकले मी. नीट नाही बघितलं.

कानस परत खणात ठेवली. किल्ली आहे तशीच राहू दे.

२४ मार्च, मंगळवार

कचेरी. साक्षीला चष्मेवाले आणि नर्सबाई, दोघंही घरच्या कार्याला निघाल्यासारखे कडक कपडे घालून. त्या ओळीत मी लिहिलं: 'गेली नऊ वर्षे काम मी केले. माझे पती शेजारी बसत. त्यांना हे माहीत होते व मान्य होते.'

स्वेटरवाल्या साहेबांनी वाचलं. "मान्य होते, याला काही कागद?"

मी किल्ली काढून टेबलावर ठेवली, सोबत भिंग ठेवलं आणि सगळं सांगितलं. बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "बाई, हिच्यावर शिक्का कुठे मारू?" आणि मग, "राहू द्या. साक्षीदार पुरेत." किल्ली दोन्ही हातांनी परत दिली.

घरी येऊन भाचीला फोन केला. सगळं सांगितलं. ती रडली, मग नाक ओढत म्हणाली, "मावशी, पानावर काय लिहू?" म्हटलं, खरं लिही. यांची तेवीस वर्षं यांच्या नावाने, माझी नऊ माझ्या नावाने. एकही वर्ष इकडचं तिकडे करू नकोस.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी यंत्राला विचारलं. म्हणालं, दुकान सुरू आहे. परवानाधारकाच्या जागी माझं पूर्ण नाव, नंबर, अनुभव नऊ वर्षं, सगळं कचेरीच्या यादीशी जुळतं. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणालं. कुणाच्या तोंडून माझं पूर्ण नाव ऐकून किती वर्षं झाली असतील? पण त्याला ओठ नाहीत. आनंद झाला आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं, तेव्हा तो आनंद तसाच बसून राहिला माझ्याबरोबर.

पडदा काढला. धुवायला टाकलाय, परत लावणार नाही. वाइस उचलून पुढे आणायला चष्मेवाले आले, आणि यांची खुर्ची कुठे ठेवू म्हणून विचारलं. म्हटलं, आहे तिथेच. गिऱ्हाईक बसेल.

दुपारी एक अनोळखी बाई आली, फोन हातात, पाटी आणि फोन आळीपाळीने बघत. "इथे त्या... कुलपाचं काम करणाऱ्या बाई आहेत ना?"

"मीच ती," म्हटलं. "बसा."

तिच्या पेटीचं कुलूप तिच्यासमोरच उघडलं, किल्ली केली. दोन खाचा घातल्या, सरळ. ती खुर्चीत बसून बघत होती. पैसे दिले. गेली.

संध्याकाळी घरी आले. किल्ली थोडी वर उचलून फिरवली, टोचली, दार उघडलं. आत अंधार. दिवा लावायच्या आधी म्हटलं, "आले हो."